डबल मारली

अपघाताच्या बातम्यांसाठी मी तेव्हा रोज सकाळी सरकारी दवाखान्यात जात असे. दाखल झालेल्यांची वही पाहायची, खाटेवरच्या माणसाला दोन प्रश्न विचारायचे आणि निघायचे. एके दिवशी वहीत चिकलठाण्याच्या एका कारखान्यातला कामगार होता. मूळचा बिडकीनचा, मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसखाली आदल्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती.

काय झाले, असे मी विचारले. तो गुंगीत होता. "डबल मारली, साहेब," एवढेच दोनदा म्हणाला.

एक पाळी संपवून लगेच दुसरी करणे, याला सगळी एमआयडीसी डबल मारणे म्हणते. माझा थोरला भाऊही डबल मारत असे. त्यामुळे पुढे विचारण्यासारखे काही आहे, असे मला वाटले नाही. बातमी चार ओळींची झाली: सलग दुसऱ्या पाळीत काम करताना डुलकी लागून कामगाराने तीन बोटे गमावली. डुलकीचा शब्दही त्याने काढला नव्हता. ती मी घातली.

सात-आठ महिन्यांनी तो बायकोला घेऊन कचेरीत आला. उजवा हात त्याने खिशात ठेवला होता. बायकोच्या हातात कोर्टाचे कागद होते आणि त्यांत माझ्या चार ओळींचे कात्रण.

"लिवणारे तुम्हीच का?" तिने विचारले. मी हो म्हणालो. "मग वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

मी वाचले. आजूबाजूची टंकयंत्रे थांबली.

"ह्यांनी डबल मारली व्हय? मशीननं मारली! पायडल एकदा दाबलं, ठोका दोनदा पडला. त्याला डबल म्हणतात. ठावं नाय तर इचारायचं व्हतं. तोंड नव्हतं का?"

प्रेसचा क्लच झिजला की एका ठोक्यानंतर दुसरा आपोआप पडतो, आणि तो नेमका माल उचलायला हात आत गेलेला असताना पडतो, हे मला त्या दिवशी कळले. अपघात पहिल्याच पाळीत, तीनच्या सुमारास झाला होता. त्याला आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे नेले, त्यामुळे सरकारी वहीत वेळ चारनंतरची लागली. साडेतीनला पाळी सुटली तेव्हा त्याचे हजेरीचे कार्ड दुसऱ्याच कोणीतरी पंच केले. नुकसानभरपाईच्या अर्जाला कंपनीने उत्तर दिले ते असे: अर्जदार पाळी संपवून बाहेर पडला होता, नंतर परवानगीशिवाय प्रेसवर बसला, सबब जबाबदारी कंपनीची नाही. दुसऱ्या पाळीचा पुरावा म्हणून माझी बातमी जोडली होती.

मग तिचा नवरा बोलला. "मशीननं बोटं नेली, पत्रकारसाहेब. बाकीचं तुम्ही नेलं."

खुलासा छापावा म्हणून मी वृत्तसंपादकांकडे गेलो. मान वर न करता ते म्हणाले, "त्यानं सांगितलं, आपण लिहिलं. आता त्याला वकील मिळालाय, म्हणून अर्थ बदललाय. खुलासे छापायला बसलो तर बातम्या कुठे छापू?"

त्यांना न सांगता मी कामगार न्यायालयात साक्ष दिली. कंपनीचे वकील वयस्कर होते. आवाज चढवण्याची त्यांना गरज पडत नसे.

"डुलकी लागली, हे अर्जदारानं सांगितलं?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी लिहिलं."

"म्हणजे मनानं लिहिता. आणि 'डबल'चा अर्थ?"

"तोही मीच लावला."

"पेपर चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. कोर्टात हशा झाला. अर्जदाराची बायको हसली नाही. ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्याच नजरेने वकिलांकडे पाहत होती.

त्यानंतर कंपनीचा सुपरवायझर उभा राहिला. आमची यंत्रे ठाकठीक आहेत, प्रेसचा ठोका एकदाच पडतो, दुसऱ्यांदा पडल्याचे कधी ऐकलेही नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. न्यायाधीश लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारले, "तुमच्याकडे डबल मारली म्हटलं की काय समजायचं?"

सुपरवायझर वीस वर्षे कारखान्याच्या शॉपमध्ये, यंत्रांत काढलेला माणूस. त्याने सवयीने उलट विचारले, "कोणती डबल, साहेब? ड्यूटीची का प्रेसची?"

न्यायाधीशांनी पेन थांबवले. "प्रेसचीही असते का?"

तो वकिलांकडे पाहू लागला. वकील कागद चाळत होते. उत्तर आले नाही, आणि उत्तर आले नाही असे नोंदवले गेले.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. अपघात कामावर असतानाच झाला असे धरून न्यायालयाने भरपाई मंजूर केली. मी आवारात दोघांना गाठले आणि बातमी करतो म्हणालो.

"नका करू," तो म्हणाला.

"करू द्या," बायको म्हणाली. "पण हितंच लिवा आन् वाचून दाखवा."

मी सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिले आणि वाचले. पहिल्याच वाक्यात तिने अडवले.

"दुर्दैवी अपघात? कशाचं दुर्दैव? क्लच गेलाय म्हणून ह्यांनी दोनदा सांगितलं व्हतं त्या सुपरवायझरला. काढा ते."

मी शब्द खोडला, क्लचचे वाक्य घातले आणि पुन्हा वाचले. बायको म्हणाली, "आता असंच छापा."

सकाळी अंक आला. क्लचचे वाक्य गाळले होते. पहिल्या ओळीत 'दुर्दैवी अपघात' होता. मी पान लावणाऱ्या उपसंपादकाकडे गेलो. त्याला माझा राग समजेना.

"तू विसरला होतास," तो म्हणाला. "अपघाताला लागतोच तो शब्द."