पायाळू आईची कंबर

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय कुणालाच नाही. कमरेच्या व्यायामांबद्दल लिहायला मी डॉक्टरही नाही. तरी लिहितो, कारण मला दुसरं काही करता आलेलं नाही.

आई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. आमच्या जानेफळकडच्या गावांत कुणाच्या कमरेत उसण भरली की तो पायाळू माणसाकडे येतो, पाठ करून उभा राहतो. पायाळूनं कमरेवर हलकी लाथ मारली की उसण उतरते, असं सगळे मानतात. एरवी आईशी धड न बोलणारी माणसंही सकाळी दारात येऊन म्हणायची, "मावशी, जरा पाय लावता काय?"

मागच्या हिवाळ्यात तिचीच कंबर धरली. एका बाजूला, अगदी खाली. उठताना भिंतीचा आधार लागू लागला, तेव्हा मी तिला बुलढाण्याला नेलं. फिजिओथेरपीच्या ताईंनी तपासून सांगितलं की पाठीचा कणा खाली खुब्याच्या हाडाला जिथं जोडलेला असतो, तो सांधा दुखतोय. त्याच्या भोवतीचे स्नायू मजबूत करावे लागतील. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर सावकाश उचलायची, थोडं थांबायचं, सावकाश टेकवायची. गुडघ्यांत उशी धरून दाबायची. श्वास कोंडायचा नाही. "आणि सध्या एका पायावर भार अजिबात नको. नाहीतर दुखणं वाढत जाईल," त्या म्हणाल्या.

मी लाथेचं सांगितलं. ताई हसल्या. आई हसली नाही.

परतताना एसटीत ती हळूच म्हणाली, "गावात नको सांगू बरं. पायाळूचीच कंबर गेली म्हनतीन लोकं."

"मंग लाथ मारनं बंद कर ना माय."

"दारात आलेल्याले काय सांगू?"

"कंबर दुखते म्हन."

"तू शिकला. तुले सोपं हाय."

व्यायाम ती दार लावून करायची. आमच्याकडे दिवसा दार लावलं की लगेच दिसतं. शेजारच्या काकू बाहेरून ओरडायच्या, "काऊन वो, एकट्याच काय खाऊन राह्यल्या?" एकदा तिची कंबर वर उचललेली असतानाच कुणीतरी कडी वाजवली. ताईंनी कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठायला सांगितलं होतं. आई तशीच झटक्यात उठली, पदर सावरला आणि दार उघडायला गेली. तिच्या तोंडावरची कळ मी पाहिली. दारातल्या माणसानं तोवर पाठ फिरवलेली होती.

कॉलेज सुरू झालं, मी बुलढाण्याला आलो. खोलीवर एकदा चटई टाकून मीही तसं करून पाहिलं. पार्टनर म्हणाला, "काय बे, बाळंतीण झाला काय?" मी पण हसलो. मला ते सहज जमत होतं. तेच मनाला लागलं.

फोनवर रोज विचारायचो, "व्यायाम केला का माय?"

"करून राह्यली ना बाप्पा."

मागून कुणाचं तरी कण्हणं ऐकू यायचं, आणि लगेच तिचा आवाज यायचा, "बसा भाऊ, आली." मग फोन ठेवला जायचा. मी इथून काय करणार होतो? तिथं असतो तरी काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही. दारात आलेल्या माणसाला परत पाठवायची हिंमत माझ्यातही नव्हती.

काल दिवसभर घरचा फोन लागला नाही. संध्याकाळी धाकट्या बहिणीचाच आला.

"दादा, पलीकडच्या गावचा एक बुढा आलता, उसण भरलेला. मायनं त्याले लाथ मारली अन् तिथंच खाली बसली."

"मंग?"

"तो बरा होऊन गेला. माय अजून उठली नाई."