फळ्यावरची माय

शिंदखेड्याच्या आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई चारचौघांच्या बोलण्यातही अलंकार शोधतात. मी ‘डोकं फुटलं आज’ म्हटलं, की लगेच हसून म्हणतात, ‘सर, अतिशयोक्ती!’

परवा त्यांच्या वर्गावरून जाताना मी थबकलो. उपमा अलंकार चालला होता. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून म्हणाली, ‘मनी माय कपाशीना फुटेल बोंडनी गत हासस.’

तिची अहिराणी ऐकून वर्ग खिदळला. ती रडवेली होऊन खाली बसली.

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. ‘हिची हसणारी माय उपमेय, कपाशीचं फुटलेलं बोंड उपमान. पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा हे मला आवडलं. आता तुम्ही सांगा.’

मग सर्वांत मोठ्यानं हसलेल्या पोरानंच हात वर केला.

‘बाई, मी पण अहिराणीतच सांगू?’