अंगावर काढलेला ताप

गरोदरपणाचे नऊ महिने मी मेलेल्या बाळंतिणींच्या नोंदी करत होते. नोकरीच तशी होती. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठात एका प्रकल्पासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मृत्युनोंदी संगणकावर चढवायच्या: वय, नवऱ्याचा धंदा, गल्ली, मृत्यूचं कारण. वीटभट्टीवरच्या मजुराची बायको, बाळंतज्वर. सिगार वळणाऱ्याची बायको, बाळंतज्वर. मग हळूहळू शहराची तटबंदी पडते, नळाचं पाणी येतं, हातात चार पैसे जास्त येतात, डॉक्टर आणि सुइणी जंतुनाशक कार्बोलिकने हात धुवायला लागतात, आणि त्या रकान्यातला बाळंतज्वर विरळ होत जातो. ते बघायला मला फार आवडायचं. पण हात धुण्यासारखी साधी गोष्ट भल्याभल्या डॉक्टरांच्या गळी उतरायला इतकी वर्षं लागली, याचा संतापही यायचा, आणि तो मी जेवताना नवऱ्यावर काढायचे. पुण्याहून आलेली आई म्हणायची, "दिवस राहिलेल्या बाईने असलं काही वाचू नये गं." मी म्हणायचे, "उलट वाचलं की शहाणपण येतं."

किती आलं, ते सांगते.

इथे बाळंतीण दवाखान्यातून काही तासांत घरी येते आणि पुढचे आठ दिवस क्रामझोर्गची बाई घरी येते. आई आणि बाळ दोघांना सांभाळणारी, शिकलेली बाई. आमच्याकडे आलेली पन्नाशीची होती, उंच, कामाला वाघ आणि बोलायला मोजकी. परकी बाई बाळंतिणीच्या खोलीत येणार म्हणून आईने आधी नाक मुरडलं. पण बाईने दारातच बूट काढले, कोपरापर्यंत हात धुतले, आणि आई मला म्हणाली, "ही बरी दिसते." रोज सकाळी नऊला बाई यायची, थर्मामीटर लावायची, नाडी बघायची, पोट दाबून बघायची, विचारायची, "काही औषध घेतलंय?" आणि सगळं वहीत लिहायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला कणकण वाटली. आईने कपाळाला हात लावला. "ताप नाही, नुसती कणकण आहे." नवरा म्हणाला, "पॅरासिटामॉल घे." आता इथल्या आपल्या कुणालाही विचारा. ताप आला, पाठ धरली, कान दुखला, हाउसआर्ट्सकडे म्हणजे घरच्या डॉक्टरकडे जा, तो हसून पॅरासिटामॉल घ्यायला सांगतो. आमच्या गणपतीच्या जेवणात दरवर्षी हा विनोद होतो आणि दरवर्षी सगळे हसतात. मग तो जे सांगणारच, ते आपणच केलेलं काय वाईट? आईने सहाला दुधाबरोबर गोळी दिली. नऊला बाई आली. थर्मामीटर शहाण्यासारखा वागला. "काही औषध?" बाईने विचारलं. मी म्हटलं, "नाही." खोटं बोलतेय असं माझ्या मनातही आलं नाही. पॅरासिटामॉलला आमच्या घरात कुणी औषध म्हणतच नाही.

चौथा दिवस तसाच गेला. पाचव्या दिवशी ओटीपोटात दुखायला लागलं. मी म्हटलं, टाके असतील. बाराच्या सुमाराला बाईने पुन्हा माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. ताप नाही, पण नाडी एवढी का पळतेय, असं ती स्वतःशीच म्हणाली. तेवढ्यात आई आत आली. तिच्या हातात बशी, बशीत पाण्याचा पेला आणि पुढची गोळी.

बाईने बशीकडे बघितलं. "हे कधीपासून?"

"परवापासून, दर सहा तासांनी," नवरा म्हणाला, अगदी गृहपाठ दाखवावा तसा. "डॉक्टर सांगतात तसं."

"कोणते डॉक्टर?"

"सगळेच," नवरा म्हणाला.

बाई हसली नाही. "आधीच्या गोळीचा असर उतरू दे, मग खरा ताप कळेल," म्हणत तिने गोळी कपाटावर ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. दुपारी एकपर्यंत मी दोन रजयांखाली कुडकुडत होते आणि पारा एकोणचाळीसच्या, म्हणजे आपल्याकडच्या एकशेदोनच्या, वर होता. बाईने सुईणीला फोन लावला आणि फोनवर एक शब्द उच्चारला. डच भाषेतला तो शब्द मी मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात रोज टाइप करत होते, पण माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी मरणार, असं मला वाटलं. बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी दुधावर वाढणार.

गाडीची वाट बघताना बाईने विचारलं, "सांगितलं का नाही?" मी म्हटलं, आमच्याकडे ताप अंगावर काढतात. डचमध्ये शब्दाला शब्द लावून सांगितलं. तिला वाटलं, मी अंगावरचं काहीतरी काढून टाकलंय. ती रजई नीट करायला लागली.

दवाखान्यात शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं. गर्भाशयात जंतू शिरले होते. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी दुपारी, एकही गोळी पोटात नसताना, पारा साडेछत्तीसवर आला. मी नर्सला पुन्हा लावायला सांगितलं. तेवढाच. अंग घामाने भिजलं होतं, हलकं झालं होतं, आणि मला सडकून भूक लागली होती. मी चीज लावलेले चार पाव खाल्ले, बाळाला पाजलं, आणि इतकं बरं वाटलं की खिडकीबाहेरच्या सायकलींच्या स्टँडवरही माझं प्रेम जडलं.

आई मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून एकाच दुपट्याची पुन्हा पुन्हा घडी घालत होती. बाळ झोपल्यावर म्हणाली, "माझी आजी दहा दिवसांची होती, तेव्हा तिची आई गेली. ताप आला होता. कामं पडली होती म्हणून तिने अंगावर काढला. आजी आम्हाला हे पुन्हा पुन्हा सांगायची. म्हणायची, बाळंतिणीचा ताप कधी झाकू नका." तिने दुपटं बाजूला ठेवलं. "मला सगळं ठाऊक होतं. आणि तरी मीच तुला गोळ्या दिल्या."

मग ती रडली, मोठ्याने, वॉर्डातल्या चार अनोळखी माणसांदेखत, जशी ती बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती. मी सलाईन सांभाळत पलंगाच्या कडेला सरकले आणि तिचा हात ओढून माझ्या कपाळावर ठेवला.

"बघ, गार आहे," मी म्हटलं. "आई, मी आहे."