परतबाई

परतबाईंकडे गेलेलं भांडं कधी रिकामं परत आलं नाही. डब्यात आणखी काही नसलं तरी मूठभर वाल किंवा चार आमसुलं असायचीच. त्याचं आम्हाला विशेष वाटत नसे. तेवढी रीत आमच्याही आयांनी आम्हाला लावली होती. पण ही बाई स्टेपलर नेला तर पिना भरून परत देई, पेन नेलं तर शाई भरून. वर दुसऱ्यांनाही "परत दिलं का?" म्हणून भंडावून सोडी. त्यावरून ऑफिसात त्यांचं हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि, मला वाटतं, आवडतही होतं.

ऐंशीच्या दशकात महाडच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या प्रोग्रॅम लिहीत आणि मी नोंदी भरत असे. चपला बाहेर काढून आत जायचं, अशी ती थंडगार खोली. मान सगळा देवघराचा, आणि देव मात्र रोज दुपारी बसकण मारायचा! ऐन माल निघायच्या वेळी पडदा थिजायचा आणि गेटवर ट्रक खोळंबायचे. शेवटी मुंबईच्या हेड ऑफिसनं कळवलं, महिनाभरात हे थांबलं नाही तर कॉम्प्युटरचं काम मुंबईला हलवू. तुम्हीही तिकडेच या.

मला मुंबईचं वावडं नव्हतं. परतबाईंचे वडील मात्र जवळच्या कापडे गावी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. आई नाही, भावंडं नाहीत. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि न सोडावी तर त्यांना पाणी कोण देणार? "बाबांना मुंबईत कुठल्या खोलीत ठेवू गं?" एवढंच त्या एकदा म्हणाल्या आणि कामाला भिडल्या.

रोग त्यांना लवकर कळला. प्रत्येक नोंदीला मेमरीतली लहानमोठी जागा दिली जाई, काम झालं की ती सुटे. दुपारपर्यंत मध्येमध्ये इतक्या बारीक फटी पडत, की एकूण जागा असूनही मोठी नोंद कुठेच मावत नसे. "सकाळीच एक मोठा तुकडा घेऊन ठेवायचा," त्या म्हणाल्या, "त्याचे सारखे भाग करायचे, मोठ्यात मोठी नोंद मावेल एवढे. त्यातूनच द्यायचं, त्यातच परत घ्यायचं." पण कुठला भाग मोकळा आहे याची यादी ठेवायला पुन्हा जागा लागत होती, आणि जागेचाच तर दुष्काळ. तिथे गाडी अडली ती अडलीच.

एकदा मधल्या सुट्टीत माझा डबा परत देण्यासाठी आमसुलं भरता भरता त्या थबकल्या. "अगं, भाग परत येतो तो रिकामा कशाला येऊ द्यायचा? पुढचा मोकळा भाग कुठे आहे, ते त्याच्याच पोटात लिहून ठेवू. वेगळी यादी हवी कशाला?" डबा तसाच उघडा टाकून त्या चपलांसकट खोलीत शिरल्या.

महिना भरला तसे हेड ऑफिसचे साहेब आले आणि दिवसभर मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला तरी पडदा चालूच. "राहू दे इथंच," असं म्हणून ते गाडीत बसले.

परतबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे भरपूर मेमरीची मशीनं आली, त्यांचा तो प्रोग्रॅम कुणाला आठवतही नसेल. मला मात्र ती संध्याकाळ आठवते. त्यांनी मला ओढतच एसटीत बसवून कापड्याला नेलं. दारातच पुसून ठेवलेली लोखंडी पेटी. बाबांनी शेजाऱ्याकरवी ती माळ्यावरून काढवली होती.

"जा गो मुंबयला," त्या आत शिरताच ते कसेबसे म्हणाले. "माज्यापायी आडू नको."

"नाय जायाचा, बाबा. काम हितंच ऱ्हायलाय."

त्यावर बाबा मला म्हणाले, "बाय, ती पेटी आत ढकल गो. येताजाता पायात येते."

माझे डोळे भरून आले. परतबाई आमच्याकडे पाठ करून फुंकणीनं चूल फुंकत बसल्या होत्या. चूल केव्हाच पेटली होती.