गल्लीचा एक भाव

लेकीसाठी स्थळ शोधावं, तसा उज्ज्वलाने वर्षभर प्रोग्रामर शोधला. ती आठवी शिकलेली. भोवती सगळं गुजराती शहर, पण पर्वत पाटियाच्या मागच्या आमच्या गल्लीत सगळी खानदेशची माणसं; पुरुष कापडाच्या लूमवर, बायका घरी धागा कटिंगला. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साडीच्या मागे धागे लोंबतात, ते कात्रीने कापायचे. साड्या आणून देणारा ठेकेदार मधल्या मध्ये निम्मं खायचा. व्यापाऱ्याने फोनवरच्या ॲपमध्ये काम टाकावं आणि बायकांनी ते थेट घ्यावं, एवढंच उज्ज्वलाच्या मनात होतं.

कॉम्प्युटर क्लासवाला म्हणाला, "आयडिया तर पानवाल्याकडेही असते." दुसरा तीन आठवडे चहा पिऊन बेंगळुरूला गेला. मी तिला म्हटलं, नाद सोड बाई, आपण कात्री चालवणाऱ्या. माझं तोंड असंच आहे. तिने ऐकलं नाही.

मग भेस्तानचा प्रज्ञेश मिळाला. बाप मिलमध्ये, हा कुठल्याशा कंपनीत नोकरीला. पगार मागितला नाही, अर्धी भागीदारी घेतली. दर रविवारी तिच्या घरी लॅपटॉप मांडून बसायचा आणि शंभर प्रश्न विचारायचा.

"काकी, भाव व्यापारी सांगणार की बाई?"

"बाई सांगेल."

"ओके, समजलं."

काय समजलं ते तिने विचारलं नाही आणि गल्लीची रीत त्याला सांगितली नाही. दिवाळी झाली की आम्ही गल्लीत सगळ्यात थोरल्या सरलाबाईंच्या ओट्यावर जमतो आणि वर्षाचा एक भाव ठरतो. त्याखाली कोणी साडी घेत नाही. एका नव्या सुनेने घेतली होती, तर दोन वर्षं तिच्या घरी हळदीकुंकवाला कोणी गेलं नाही. आता हे काय सांगायचं असतं? घरात येताना चपला बाहेर काढ, असं कोणी पाहुण्याला सांगतं का?

ॲप सुरू झालं. काम येऊ लागलं, ठेकेदाराचं तोंड उतरलं आणि आम्ही महिनाभर उज्ज्वलाला डोक्यावर घेतलं. पण प्रज्ञेशने यादी सगळ्या ॲपमध्ये असते तशीच बनवली होती, सगळ्यात कमी भाव सांगणारीचं नाव सगळ्यात वर. आधी दुसऱ्या वस्तीतल्या बायकांनी भाव पाडला. मग आमच्यात पल्लवीने पाडला. तिच्यानंतर मी. लाज वाटते, पण चार दिवस घरात एक साडी आली नव्हती.

उज्ज्वला प्रज्ञेशला म्हणाली, "सगळ्यांचा एकच भाव कर."

तो बघतच राहिला. "काकी, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? व्यापारी तर कमी भावासाठीच आलेत. ते काढलं तर एकपण नाही थांबणार."

पोरगा खोटं बोलत नव्हता. वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्याच आठवड्यात यादीत सगळ्यात वर सरलाबाईंचं नाव आलं. नातवाकडून त्यांनी भाव टाकून घेतला होता. उज्ज्वला आणि मी त्यांच्याकडे गेलो. म्हातारी साडी डोळ्याजवळ धरून धागा शोधत होती.

"मन्हा डोया गयात, हात हळू चालतस," ती म्हणाली. "कमी नही सांगं ते माले काम कोन दी, माय?"

उज्ज्वलाने कात्री उचलली. शेजारी बसून तिने म्हातारीच्या सगळ्या साड्या कापून दिल्या. घरी येऊन प्रज्ञेशला फोन लावला, बंद कर म्हणाली. त्यानेही वाद न घालता त्याच दिवशी बंद केलं. इतके रविवार दोघांचेही पाण्यात गेले, आणि मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

पण आमचा पडलेला भाव बाजाराला कळून चुकला होता. सोमवारी एका व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठे घेऊन रिक्षाने गल्लीत आला आणि पहिल्याच दारात, उज्ज्वलाच्या, उभा राहिला.

"शुं भाव, बेन?"

आम्ही सगळ्या आपापल्या दारात होतो. ती जुना भाव बोलली असती तर आम्हीही तोच बोललो असतो, असं मी आजही स्वतःला सांगते. तिचे यजमान सुकदेवभाऊ ज्या कारखान्यात लूम चालवायचे, तो दीड महिन्यापासून बंद होता. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि माझ्याहूनही कमी भाव सांगितला.