चष्म्याच्या घरातली गोळी

भूत, पितर, संकेत... असलं काही कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो – पुरावा? कॅन्सर पेशंट्सच्या हक्कांसाठी मी पत्रकं लिहिते आणि त्यातली एक ओळही सोर्सशिवाय छापत नाही. तरी हे लिहितेय. हसायचं तर हसा.

लंडनजवळच्या स्लाऊमधलं आमचं घर, मार्चमधला मंगळवार, सकाळचे साडेअकरा. आईच्या कॉलरबोनखाली केमोसाठी पोर्ट बसवलेलं – कातडीखाली छोटी डबी, तिची नळी थेट मोठ्या शिरेत. तिथे जंतू शिरले तर तेही थेट रक्तात. त्या सकाळी नर्सने पोर्ट फ्लश केलं, म्हणजे नळीत सलाइन सोडून ती धुतली, आम्ही घरी आलो आणि आई थरथरायला लागली. दोन दुलया घातल्या तरी दात वाजत होते.

थर्मामीटर म्हणाला, ३६.९.

"बघ, ताप नाहीये. तू जा," आई म्हणाली. दुपारी शहराच्या कौन्सिलपुढे माझं भाषण होतं.

मी हॉस्पिटलच्या हेल्पलाइनला फोन लावला. आई 'वाढवून सांगू नको' अशा खुणा करत होती म्हणून "थोडी थंडी वाजतेय" एवढंच सांगितलं. तिकडून विचारलं, तापाची गोळी घेतलीय का? "नाही," मी ठणकावून म्हणाले. अर्ध्या तासाने परत मोजा, असं उत्तर मिळालं.

फोन ठेवला तोच वाजला. बाईचा आवाज, शांत, चक्क मराठीत – "अगं, तिनं गोळी घेतलीय. चष्म्याचं घर बघ." कट.

उघडलं. पॅरासिटामॉलची स्ट्रिप, दोन गोळ्या कमी.

"आई?"

"महिनाभर तयारी करत होतीस गं. ताप दिसला असता तर गेली नसतीस."

"तू मेलीस तर भाषण कुणापुढे करू?"

"कौन्सिलपुढे," आई म्हणाली. दात वाजत असताना.

टॅक्सीने थेट हॉस्पिटल. इन्फेक्शन पोर्टमधूनच रक्तात गेलेलं. पोर्ट काढलं, अँटिबायोटिक्स दिली. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाल्या.

मग मी हेल्पलाइनला लेखी विचारलं. उत्तर आलं – आमचा एकच कॉल, त्यांनी परत केलेला नाही, मराठी येणारं तिथे कुणी नाही. माझ्या फोनमध्येही तो कॉल नाही. पण रिंग आईनेही ऐकली होती.

"आजीच असणार" म्हणणाऱ्यांनो, माझ्या दोन्ही आज्या साताऱ्यात ठणठणीत आहेत. मला उत्तर माहीत नाही आणि खोटं उत्तर मी घेणार नाही.

पत्रकात आता एक ओळ वाढवलीय – 'चष्म्याचं घरही उघडून बघा.' सोर्सची जागा कोरी आहे. पत्रकं मंजूर करणारी आमची कमिटी म्हणते, काढ. नाही काढणार.