मॉडेलचं ऐकणारा बर्फ

कॅनडात मार्कहॅमला मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये राहत होते, त्याच्या मागच्या अंगणात पांढरा रंग दिलेली एक फळी होती. तीच माझी प्रयोगशाळा. पर्यावरणाच्या मॉडेलिंगमध्ये मास्टर्स करत होते मी. रोज सकाळी सातला फळीवर पडलेला बर्फ पट्टीनं मोजायचा, फळी साफ करायची. किती सेंटिमीटर पडेल ते माझं कॉम्प्युटरवरचं मॉडेल आदल्या संध्याकाळीच सांगायचं. तो आकडा मी तेव्हाच सगळ्यांच्या वापरातल्या मागच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर लिहायचे, आणि सकाळी मोजलेला त्याच्या शेजारी.

डिसेंबरभर त्या दोन आकड्यांचं काही जमलं नाही. मॉडेल दहा म्हणालं की फळीवर चार. मी मुळात तापट, त्यामुळे बर्फावरच चिडायचे. एप्रिलमध्ये प्रबंध देऊन मला मोकळं व्हायचं होतं आणि लक्षणं काही ठीक दिसत नव्हती. वर राहणाऱ्या घरमालक काका-काकूंपाशी मी रडगाणं गायले. काका रिटायर्ड इंजिनिअर, ऐन तरुणपणी पुण्याहून आलेले. ते काळजीनं म्हणाले, “अगं, मग तुझ्या प्रोफेसर रागावतील ना!”

जानेवारीत चमत्कार झाला. मॉडेल आठ म्हणालं, फळीवर आठ. पाच म्हणालं, पाच. मला स्वर्ग दोन बोटं उरला. आलेख घेऊन मी प्रोफेसरबाईंकडे धावले. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारलं, “बर्फ इतका आज्ञाधारक कधीपासून झाला? उद्यापासून फोटो काढत जा.”

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच कॅमेरा घेऊन दार उघडलं. अंगणातल्या दिव्याखाली, फळीपाशी, काका उकिडवे बसले होते. डोक्याला माकडटोपी, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात काकूंचं उलथनं.

“काका, हे काय?”

“मॉडेल नऊ म्हणतंय. इथं सहाच आहे. तीन घालतोय.”

“आणि जास्त पडला तर?”

“तर जास्तीचा शोव्हल करून काढतो,” काका शांतपणे म्हणाले.

“अहो, हे सायन्स आहे!” मी ओरडलेच.

“असू दे की. पोरीचं उत्तर चुकताना बघत बसू?”

दोन दिवस मी काकांना टाळलं. खरं सांगायचं तर बाईंपासून हे लपवायचा मोह झाला होता. आलेख फारच देखणा होता, आणि साक्षीला फक्त एक उलथनं. पण बाईंसमोर बसल्यावर सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी अख्ख्या जानेवारीवर काट मारली आणि म्हणाल्या, “आणखी एक विंटर मोज.”

त्या संध्याकाळी काकूंनी मला वर जेवायला बोलावलं. पहिल्याच घासाला मी फटकन सांगितलं की आता आणखी वर्षभर माझी सुटका नाही. काका ताटाकडे बघत पुटपुटले, “सॉरी गं.” त्यांना जरा लागावं असंच मला वाटत होतं.

काकू पोळी वाढत म्हणाल्या, “तू वेळेत सुटावीस म्हणून हे पहाटे पाचला उठायचे. आणि तू गेलीस की घर खायला उठेल, हेही रोज मलाच ऐकवायचे.”

माझा राग कुठे गेला कोण जाणे. काका अजूनही ताटाकडेच बघत होते.

“काकू, आणखी एक वाढा,” मी म्हणाले.